जुनी क्रिस्टा घ्यावी की नवी हायक्रॉस?

घरात सात माणसं, त्यात मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. गुहागरला राहून टोयोटाच्या इनोव्हाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. प्रश्न एवढाच, की आधीची इनोव्हा क्रिस्टा घ्यावी की नवी इनोव्हा हायक्रॉस. काकांची २००५ ची पहिली इनोव्हा अजून धावते, म्हणून भरवसाही होता.

आधी हायक्रॉस चालवली. क्रिस्टाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७५० मिलिमीटर, हिचा २८५०. तिसऱ्या रांगेत माझे गुडघे सुखात. क्रिस्टासारखी वेगळ्या चेसिसवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, उभी नसल्यामुळे कारसारखी चालते. तिची पेट्रोल-बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रिड तर चिपळूणच्या बाजारात बॅटरीवर इतकी गुपचूप सरकली, की पुढची म्हैस हलेना! पण डिझेल नाही, आणि किंमत ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात वाडीला कुंपण होईल."

मग वापरलेल्या क्रिस्टा बघितल्या. एका दलालाची गाडी बाहेरून चकाचक. आमच्या मेस्त्रींनी सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचला, तर पट्ट्यावर गाळाची रेघ. कार्पेटखाली तसाच वास. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हाची आंघोळ झालेली असणार. दलाल म्हणतो, "पाऊस लागला असेल हो!" कोकणात जुनी गाडी घेताना आधी बेल्ट ओढा, मग एसी बघा. खाऱ्या वाऱ्याचा गंज बघायला खालीही वाका.

शेवटी घाटावरून २०१८ ची क्रिस्टा आणली, २.४ लिटर डिझेल. सगळे बसलेले, टपावर पेट्या, तरी कुंभार्ली घाटात दम लागत नाही. मागच्या रांगेत धक्के बसतात, तिथे भाचे बसतात. आईला चढायला मात्र पाट द्यावा लागतो. तो आता डिकीतच असतो.