आयओडेप्थ (एका जॉबने एकाच वेळी रांगेत ठेवायच्या रिक्वेस्ट) वाढवायची की नमजॉब्स (एकाच वेळी चालणारे जॉब)?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या सर्व्हरची डिस्क एफआयओने (डिस्कचा वेग मोजणारं टूल) तपासताना हाच पेच पडतो.

सीपीयूच्या खर्चात आयओडेप्थ स्वस्त. एकच प्रोसेस ३२ रिक्वेस्ट रांगेत ठेवते. पण त्यासाठी असिंक इंजिन हवं, म्हणजे उत्तराची वाट न पाहता पुढची रिक्वेस्ट पाठवणारं; लिनक्सवर लिबएआयओ वापरलं तर डायरेक्ट=१ (ओएसची कॅश टाळणारा पर्याय) हवंच. सिंक इंजिनवर (एक रिक्वेस्ट संपल्यावरच पुढची) आकडा कितीही लिहा, खोली १ च राहते. नमजॉब्स कुठल्याही इंजिनवर चालतं, मात्र प्रत्येक जॉब सीपीयू खातो. त्यात एकाच फाइलचं सिक्वेन्शियल वाचन असेल तर सगळे जॉब शून्यापासून सुरू होतात आणि कॅशमुळे आकडे फुगतात, म्हणून ऑफसेट-इन्क्रीमेंट (प्रत्येक जॉबची सुरुवात पुढे सरकवणारा पर्याय) द्या.

दोन्ही एकदम वाढवू नका, गुणाकार होतो: ८ जॉब, ३२ डेप्थ म्हणजे २५६. साटा (जुन्या पद्धतीची जोडणी) डिस्कची रांग ३२ लाच भरते, पुढे नुसती लेटन्सी (रिक्वेस्टला लागणारा वेळ) चढते.

साटा एसएसडीला एक जॉब पुरे, डेप्थ १ पासून दुप्पट करत जा. एनव्हीएमईवर (जास्त वेगवान एसएसडी) सीपीयूचा एक कोअर पूर्ण भरला की मगच जॉब वाढवा. बिलिंगवर पंधरा जण एकदम बसत असतील, तर तसाच भार तपासायला जॉब जास्त आणि डेप्थ १.