वेळणेश्वरला तारे ऐकले, २०० रुपये वसूल

मागच्या शनिवारी वेळणेश्वरला एका होमस्टेवर राहिलो, तिथे जेवणानंतर अंगणात तासभर तारे ऐकवतात, माणशी २०० रुपये वेगळे. ऐकवणाऱ्या काकांनी आधीच सांगितलं की अवकाशात हवा नाही त्यामुळे आवाज तिकडून येतच नाही, येतात त्या रेडिओ लहरी, दुर्बिणीने पकडलेला सिग्नल कमीजास्त होतो तसा स्पीकरचा पडदा हलवायचा, आणि हे रेकॉर्डिंग आहे लाइव्ह नाही हेही लपवलं नाही, फार आवडलं मला ते.

मग लाइट बंद करून पल्सार लावले, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे गरगर फिरणारे गाभे, प्रत्येक फेरीला रेडिओ लहरींचा ठोका देणारे. पहिला संथ, टक... टक. मग वेला नावाचा, सेकंदाला ११ ठोके, अगदी लांबून होडीचं इंजिन यावं तसा, बायकोने खरंच समुद्राकडे वळून बघितलं! क्रॅब नावाच्या पल्सारचा नुसता घरघराट, सेकंदाला ३० ठोके, हा तारा १०५४ साली फुटलेला दिसला होता त्याचा उरलेला गाभा. शेवटचा सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा, तिथे ठोके संपतात आणि सरळ पेटीचा सूर लागतो, अंगावर काटा आला राव.

तक्रार एकच, स्पीकर लहान आहे, लाटांच्या गाजेत बारीक आवाज बुडतात, आणि हेडफोन दोनच, त्यांचीही गादी खाऱ्या हवेने चिकट झालेली. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिशबद्दलही दोनच वाक्यं बोलले, अजून ऐकायचं होतं. स्वतःचा हेडफोन घेऊन जा, मुलांना नक्की न्या.