दाव्याला जबाब दिला आणि लवाद हातचा गेला

बडोद्याच्या भायलीत एका बिल्डरच्या स्कीमवर, म्हणजे बांधकाम प्रकल्पावर, मी प्लास्टर आणि टाइल्सचं काम केलं. मापं झाली, साइट इंजिनिअरनं मेजरमेंट शीटवर सहीही केली. शेवटचं बिल 9 लाख 40 हजारांचं, शिवाय प्रत्येक आरए, म्हणजे चालू कामाच्या, बिलातून राखून ठेवलेलं 5 टक्के रिटेन्शन. दोन वर्षं बिल्डरच्या ऑफिसात खेटे घातले. गेलं की चहा यायचा, चेक नाही.

नोटीस देतो म्हटल्यावर त्यांनीच दिवाणी दावा ठोकला. म्हणे प्लास्टर उखडलं, 11 लाख नुकसानभरपाई द्या! वर्क ऑर्डरच्या शेवटच्या पानावर लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचाकडे न्यायचा, हे मला ठाऊक होतं. ते घेऊन मी त्यांच्या मॅनेजरकडे गेलो. दांडिया बाजारात वाढलेला, मराठी बोलणारा, म्हणजे आपलाच माणूस.

"काका, कलम नीट वाचलंत का? लवाद आमचे डायरेक्टरच आहेत. तिथं तुम्हाला काय मिळणार? कोर्टात नुसता जबाब टाका. दोन तारखांत घरमेळे पतावून टाकू."

घरमेळे पतावणं, म्हणजे आपसात मिटवणं, हे शब्द आम्हा बडोदेकरांच्या मराठीत इतके मुरलेत की ऐकून हायसं वाटलं. वकीलही त्यानंच सुचवला. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी वकीलपत्रावर सही केली. पंधरा पानी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी जबाब, जोडीला माझ्या बिलाचा प्रतिदावा, त्यावर कोर्ट फी. लवादाचं एक अक्षरही त्यात नव्हतं.

आठ तारखा पडल्या तरी पतावटीचं नाव नाही. तेव्हा दुसऱ्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कैफियत चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "कलम 8 चा अर्ज कुठाय?"

1996 च्या लवाद कायद्यात हे कलम आहे. करारात लवाद असूनही कुणी कोर्टात गेलं, तर प्रकरण लवादाकडे पाठवा असा अर्ज आपल्याला करता येतो. पण तो आपलं पहिलं लेखी म्हणणं देण्याआधी किंवा त्यासोबतच करायचा. नुसती मुदत मागितली, तात्पुरत्या मनाईला विरोध केला, तर हक्क जात नाही. मी मात्र पंधरा पानं लिहून दिली होती, वर प्रतिदावाही.

खरा संताप पुढचं ऐकून आला. ज्या डायरेक्टरची भीती घातली, तो लवाद होऊच शकत नव्हता. 2015 च्या दुरुस्तीनं समोरच्या पक्षाचा डायरेक्टर किंवा मॅनेजर लवाद म्हणून बाद ठरतो. वाद उद्भवल्यानंतर दोघांनी लिहून सूट दिली तरच तो चालतो. मी तशी सूट दिली नव्हती. दुसरा, तटस्थ लवाद मागता आला असता, आणि दोन्हीकडची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर 12 महिन्यांत निवाडा द्यायचं बंधन त्याच्यावर असतं. दोघांच्या संमतीनं फार तर आणखी 6 महिने. आमच्या दाव्यात, कोर्टानं नेमकं काय ठरवायचं, ते मुद्देसुद्धा अजून निघालेले नाहीत.

दाव्याचं समन्स आलं की जबाबाआधी वर्क ऑर्डर वकिलापुढे ठेवा, आणि तो वकील तुमचा तुम्ही शोधा.

गेल्या तारखेला मॅनेजर कोर्टाच्या आवारात भेटला. चहाचा कप पुढे करत म्हणाला, "काय काका, पतावायचं ना?"