मेळ्यातलं आइस स्केटिंग : बर्फ सोडून बाकी सगळं

ग्वाल्हेरच्या मेळ्यात, झूला सेक्टरमध्ये मोठ्या पाळण्याच्या मागे यंदा 'आइस स्केटिंग' असा दिव्यांचा बोर्ड लागलाय. दोन नातवंडांना घेऊन मी तिथे तीनदा जाऊन आले. मी ग्वाल्हेरच्याच लश्कर भागातली, वय अडुसष्ट, कॉलेजात हॉकी खेळायचे, राइट इन म्हणजे पुढच्या फळीत उजवीकडे. तो विषय पुढे निघणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर तिथे बर्फ नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाड फळ्या एकमेकींत अडकवून चौक केलाय आणि त्यावर काहीतरी ओशट फवारतात. नातू मिसिसागाहून आलाय, तिकडे आइस हॉकी खेळतो. त्यानं वाकून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, हा तर तुझा भाजी चिरायचा बोर्ड!" खोटं नाही, दोन्ही पॉलिथिलीनचेच. खऱ्या बर्फावर एकदा पाय रेटला की पोर लांबवर जातं. इथे दोन हात सरकून उभं राहतं. कॅनडात मी त्याला रिंकवर सोडायला जायचे तेव्हा काचेमागे बसून हातापायांना मुंग्या यायच्या. इथे शालीवर भागलं, हा एक फायदा. 1905 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी हा मेळा भरवला तो गुरांचा. आता प्लॅस्टिकवर पोरं घसरतात, चालायचंच.

तिकीट माणशी दीडशे, वेळ वीस मिनिटं. त्यातली सात-आठ बूट बांधण्यात जातात आणि घड्याळ काही थांबवत नाहीत. मोजे घरचे जाडच न्या, तिथले तीस रुपयांचे नायलॉनचे आहेत. गुडघ्याची पॅडं बरी आहेत. हेल्मेटं दोनच, तीही मोठ्यांच्या मापाची. नातीच्या डोक्यावर ते पातेल्यासारखं फिरत होतं. बुटांची पाती बोथट. धार बघायची तर नख पात्यावर हलकेच आडवं ओढतात, कीस निघाला तर धार आहे. इथे ओरखडासुद्धा उठेना. प्लॅस्टिकवर पाती बर्फापेक्षा लवकर बोथट होतात, म्हणून धार लावायचं यंत्र आहे का विचारलं, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "माताजी, तेज होगा तो बच्चों को काट लेगा." यावर काय बोलणार!

एवढं असून तीनदा का गेले? तिथे कामाला असलेल्या एका पोरामुळे.

पहिल्या दिवशी नात कडेचा दांडा सोडायलाच तयार नव्हती. ती अकरा वर्षांची, रोज पहाटे कंपूच्या मैदानावर हॉकीला जाते, पळण्यात कोणाला ऐकत नाही, पण पायाखालून जमीन सरकली की गडबडली. हा पोरगा आला, हात धरला नाही, नुसता समोर उभा राहून म्हणाला, "गेंद रोकने बैठो, जैसे ट्रैपिंग में." झालं! ती गुडघे वाकवून, पुढे झुकून बसली आणि सुटली. पाय मागे नाही, बाजूला रेटायचा, हेही त्यानंच दाखवलं. पडायचं तर कुशीवर, आणि पडल्यावर मुठी मिटायच्या, बोटांवरून कोणाचं पातं जायला नको.

मी विचारलं, हॉकी खेळतोस का? काउंटरमागून त्यानं स्टिक काढून दाखवली. टोकाला घासून लाकूड बाहेर आलेलं, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. खेळतो लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. सकाळी प्रॅक्टिस, दुपारपासून मेळा. हॉकीवाले शिवेंद्र सिंह आपल्याच गावचे, हे त्यानं मला सांगितलं. मी त्याला ध्यानचंदांचे भाऊ रूपसिंग यांचं सांगितलं, 1932चं ऑलिंपिक, लॉस एंजेलिस, हॉकीत अमेरिकेविरुद्ध 24-1, त्यात एकट्याचे दहा गोल. इथल्या क्रिकेट स्टेडियमवर नाव त्यांचं, आणि गावाला आठवतात ते तिथले 2010चे सचिनचे दोनशे. सचिनवर माझा राग नाही, पण हॉकीवाल्या पोरांनी तरी दहा गोल पाठ ठेवावेत.

दुसऱ्या खेपेला बाड्यावरून, म्हणजे गावातल्या बाजारातून, स्टिकच्या मुठीला गुंडाळायच्या ग्रिपची दोन भेंडोळी घेऊन गेले. घ्यायला तयार होईना. म्हटलं, राइट इनकडून लेफ्ट हाफला पास आहे, सोडायचा नसतो. मग घेतली.

नातवाचं तोंड मात्र त्या दिवशीही पडलेलंच. इंडियात आइस हॉकी असते का, म्हणून विचारत होता. 2025च्या आशिया कपात आपल्या मुलींनी ब्राँझ आणलं, बहुतेक लडाखच्या, हे ऐकून जरा सरळ बसला. त्या पोरानं गिऱ्हाईक कमी बघून टेनिसचा चेंडू टाकला आणि आपली स्टिक नातवाच्या हातात दिली. हा डावखुरा. चेंडू गोल बाजूनं मारायला गेला. "भैया, उल्टी नहीं चलती, सपाट से मारो." मग यानं मला विचारलं, डावऱ्यांची स्टिक कुठे मिळेल? मी सांगितलं, मैदानी हॉकीत ती नसतेच, सगळ्यांना एकच. त्याला हा अन्याय वाटला, इंग्रजीत बराच वेळ भांडला, पण बूट बांधेपर्यंत हात बदलून मारायला लागला होता.

जायचं तर कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जा. रविवारी जाऊ नका, चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि तो पोरगा तिकिटं फाडत असतो. पाचपैकी तीन तारे. धार लावली तर चार देईन.

परवा पुन्हा जायचं आहे. नातवानं सामानातून त्याचा पक, म्हणजे आइस हॉकीची रबरी चकती, काढून ठेवलाय, त्या पोराला द्यायला. मेळ्यातला खजला, खायचा, तो घ्यायचाही राहिलाय.