पीएचडीला स्वतःचा सर्व्हे की सरकारी डेटा? ठरवायच्या आधी हे वाचा

कॉमर्स, मॅनेजमेंट किंवा इकॉनॉमिक्समध्ये पीएचडीला रजिस्टर केलेला माणूस सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना एका जागी हमखास अडतो, की डेटा कुठून आणायचा, स्वतः प्रश्नावली घेऊन फिरायचं की सरकारने आधीच गोळा केलेला डेटा डाउनलोड करायचा. गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझी पीएचडी कॉमर्समधून, ती पूर्ण सर्व्हेवर केली आणि नंतरचे पेपर सरकारी डेटावर लिहिले, त्यामुळे दोन्हीकडचा त्रास अंगावर घेऊन झालाय.

उदाहरण माझ्याच विषयाचं घेते, किराणा दुकानात बसणाऱ्या बायका. नवरा माल आणायला गेला की गल्ल्यावर ती, दुपारी तो झोपला की ती, आणि विचारलं तर दोघंही सांगणार की ती घरीच असते.

आधी सर्व्हे. मी २२० दुकानं फिरले, कॉलेजची नोकरी सांभाळून चौदा महिने गेले. प्रश्नावली गाइडना आवडेल अशीच बनवली होती, पाच पर्यायांची विधानं, पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत. पहिल्याच दिवशी एका मावशींना विचारलं, "व्यवसायाच्या निर्णयात माझा सहभाग असतो, सहमत की पूर्णपणे सहमत?" तर त्या म्हणाल्या, "तू लिही गं काय ते, मला गिऱ्हाईक बघू दे." चाळीस फॉर्म असे भरल्यावर बघितलं तर जवळपास सगळीकडे 'सहमत'. मग विधानं बाजूला ठेवली आणि विचारायला लागले की काल दुपारी दोन ते पाच गल्ल्यावर कोण होतं, उधारीच्या वहीत अक्षर कुणाचं, सेल्समन आला की ऑर्डर कोण सांगतं. उत्तरं लगेच बदलली. एका दुकानात नवरा म्हणाला सगळं मीच बघतो, आणि उधारीची वही उघडली तर पानामागून पान बायकोच्या हातचं. सर्व्हेची खरी ताकद ही आहे, वही उघडून बघता येते. सरकारी डेटा ही वही तुम्हाला कधीच दाखवणार नाही.

पण आपल्याकडे बहुतेक सर्व्हे असे होत नाहीत हेही स्पष्ट सांगायला हवं. किती जणांना विचारायचं याचं उत्तर म्हणून ३८४ हा आकडा तुम्ही शंभर थीसिसमध्ये वाचला असेल. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या टेबलमधला आहे तो, दहा लाखांच्या लोकसंख्येसाठी. त्या टेबलची अट अशी की माणसं चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी निवडलेली हवीत, प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी हवी. आपण करतो काय, तर गुगल फॉर्म बनवतो, व्हॉट्सअॅपवर फिरवतो, ओळखीच्या ३८४ लोकांकडून भरून घेतो, एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि क्रॉनबॅक अल्फा ०.७ च्या वर आला की सुटलो म्हणतो. अल्फा एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतायत. माझ्या त्या चाळीस 'सहमत'वाल्या फॉर्मचासुद्धा अल्फा छान आला होता! सर्व्हे असाच करणार असाल तर खरंच करू नका, तीन वर्षं घालवून हातात काही राहत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही मुलं मेहनत कमी करत नाहीत.

आता सरकारी डेटा. सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर रजिस्टर केलं की घरनिहाय, व्यक्तिनिहाय डेटा फुकट मिळतो, हे आपल्याकडे अजून कितीतरी गाइडनाही माहीत नाही. रोजगारासाठी पीएलएफएस, म्हणजे पीरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे, आहे, २०१७-१८ पासून दरवर्षी, २०२४ पर्यंत साधारण एक लाख घरं आणि चार लाखांवर माणसं. छोट्या, कंपनी म्हणून नोंदणी नसलेल्या धंद्यांसाठी एएसयूएसई ही वार्षिक पाहणी आहे, किराणावाले त्यात येतात, आणि दुकानात किती माणसं राबतात, त्यात बायका किती, पगारी किती, हे सगळं विचारलेलं असतं. इतकी माणसं गाठायची म्हटली तर आपला जन्म पुरणार नाही.

फुकट आहे म्हणून सोपा आहे असं मात्र नाही. मी वापरलेल्या फाइल्स उघडल्या की नुसते आकडे, ओळीच्या ओळी, मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत काय आहे हे सांगणारी वेगळी एक्सेल फाइल असते, ती शेजारी उघडून वाचावं लागतं. माझा पहिला महिना नुसता त्यातच गेला. वर मल्टिप्लायर. प्रत्येक घर किती घरांच्या वतीने बोलतंय ते सांगणारा आकडा, आणि तो आहे तसा वापरायचा नसतो, मी वापरलेल्या फाइल्समध्ये तो कुठे शंभराने तर कुठे दोनशेने भागायचा होता, नियम सोबतच्या कागदात दिलेला असतो. मी तो कागद न वाचता टेबलं काढली आणि दोन दिवस डोकं धरून बसले की महाराष्ट्रात एवढी माणसं आली कुठून.

आणि मग कोड. पीएलएफएसमध्ये प्रत्येक माणसाच्या कामाला दोन आकडी कोड असतो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, ३१ म्हणजे नियमित पगारी, ९२ म्हणजे फक्त घरकाम. आता आपल्या दुकानातली ती बाई कुठे आहे? मुख्य कामाच्या रकान्यात ती बहुतेक वेळा ९२. पण शेजारी दुय्यम कामाचा रकाना असतो, वर्षात तीस दिवस किंवा जास्त केलेलं काम तिथे येतं, तिथे तिला २१ मिळू शकतो. तुम्ही फक्त पहिला रकाना घेतलात तर ती तुमच्या थीसिसमधून गायब, दोन्ही घेतलेत तर ती कामगार. आणि दुसऱ्या रकान्यात २१ तेव्हाच येतो जेव्हा घरी आलेल्या माणसाने खोदून विचारलेलं असतं आणि घरातल्यांनी खरं सांगितलेलं असतं. आठवा, माझ्या दुकानातला नवरा काय म्हणाला होता.

त्यासाठी टाइम यूज सर्व्हे बघा, २०१९ आणि २०२४ असा दोनदा झालाय. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाला माणूस काय करत होता त्याची नोंद. "तुम्ही काम करता का" यावर काही ठरत नाही, नुसतं काल काय केलं ते. माझ्या विषयाला याहून जवळचा सरकारी डेटा नाही आणि त्यावर मराठी मुलांनी अजून भरपूर काही करण्यासारखं आहे.

जिल्ह्याचा प्रश्न वेगळा आणि तो बऱ्याच जणांना नडतो, कारण आपले विषय असतात 'सातारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात'. पीएलएफएसच्या आधीच्या वर्षांचा नमुना राज्याच्या पातळीवर विश्वास ठेवावा असा आहे, एका जिल्ह्यात मोजकीच घरं येतात, त्यावर टक्केवारी काढली तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. जानेवारी २०२५ पासून नमुन्याची रचना बदललीये, जिल्हा हाच पायाचा घटक धरलाय आणि नमुनाही बराच वाढवलाय. पण ट्रेंड दाखवायचा असेल तर जुनी आणि नवी वर्षं सरळ शेजारी ठेवू नका. मध्ये वर्षं सुटली आहेत का तेही तपासा, कुटुंबाच्या खर्चाचा सर्व्हे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चा आहे, मधल्या २०१७-१८ चे निकाल जाहीरच केले नाहीत.

स्वतः फिरून बघणं आणि सरकारी आकड्यांवर काम करणं, ही दोन घराणी पुण्यात जुनी आहेत बरं का. कृषी महाविद्यालयाच्या हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर घरोघर, शेतोशेत अभ्यासलं आणि १९१७ ला ते छापलं, जिथे आज आयटीवाल्यांच्या सोसायट्या आहेत तिथे जमिनीचे तुकडे कसे पडत गेले ते त्यात वाचायला मिळतं. पुढे गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचंच सर्वेक्षण केलं. आणि १९७१ साली त्याच इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला तो सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे घेऊन, दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च कोण करू शकतं हे धरून. एका गावात जमिनीचे तुकडे कसे पडतात हे मान यांना गावात जाऊनच कळणार होतं, देशात किती लोक अर्धपोटी आहेत हे दांडेकर-रथांना गावोगाव फिरून कधीच कळलं नसतं. तुमचा प्रश्न यातल्या कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा, किती आणि कुठे असा आहे की कसं आणि का असा आहे.

व्यवहाराचंही बोलूया. कॉमर्स आणि मॅनेजमेंटच्या, विषय मंजूर करणाऱ्या बोर्डात अजून 'प्रायमरी डेटा कुठाय', म्हणजे स्वतः गोळा केलेला डेटा कुठाय, हा प्रश्न येतोच, तिथे नुसता सरकारी डेटा घेऊन जायचं तर गाइड पाठीशी उभे राहणारे हवेत. इकॉनॉमिक्समध्ये उलट, तिथे तुमच्या सहमत-असहमतवर कुणी फार विश्वास ठेवत नाही. पैशाचं म्हणाल तर सर्व्हेत एसटी, झेरॉक्स आणि सुट्ट्या जातात, डेटात फक्त वेळ, कारण आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विकतच्या स्टाटाशिवाय काही अडत नाही. सीएमआयई या खाजगी संस्थेचा डेटा मात्र विकतचा, कॉलेजकडे असेल तरच त्याचा विचार करा. आणि मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, त्यातलं वर्ष सव्वा वर्ष कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमध्येच जातं.

माझं मत विचाराल तर नोकरी करून पीएचडी करणाऱ्याने आधी सरकारी डेटा घ्यावा, एक अख्खं प्रकरण त्यावर उभं करावं, आणि त्यात जिथे अडेल तिथे मोजकी तीस-चाळीस घरं किंवा दुकानं नीट, दोन-दोनदा जाऊन बघावीत. तीस दुकानांवरून टक्केवारी सांगू नका, पण २१ आणि ९२ च्या मध्ये काय चालतं ते तीस दुकानं पुरेपूर सांगतात. फुलटाइम फेलोशिप असेल, भाषा आणि भाग आपला असेल, गावात चार महिने राहायची तयारी असेल तर मात्र बेधडक सर्व्हे करा, फक्त दुकानांची यादी आधी मिळवा किंवा स्वतः गल्ली फिरून बनवा आणि निवड त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून करा. ज्यांना गणिताची भीती वाटते म्हणून सर्व्हे घ्यायचाय त्यांनी थांबा, कारण शेवटी सर्व्हेलाही तेच गणित लागतं, वर उन्हात फिरणं वेगळं.

सिनॉप्सिस द्यायला महिना असेल तर दोन कामं करा. पोर्टलवरून पीएलएफएसची प्रश्नावली उतरवून घ्या, डेटा नको, नुसती प्रश्नावली, आणि तुमचा प्रश्न त्यात कुठे बसतो ते पेन्सिलने खुणा करून बघा. आणि एक दुपार, दोन ते पाच, ओळखीच्या दुकानात जाऊन बसा, फॉर्म न घेता.