इंजिनाशिवाय मोठी शिडाची बोट धक्क्याला लावताना : कुठली पद्धत कधी?

इंजिन ऐनवेळी बंद पडलेलं असो की बोटीवर मुळात बसवलेलंच नसो, धक्का जवळ आला की प्रश्न एकच उरतो : हे एवढं धूड आता लावायचं कसं? लहान होडी असली तर पाय लावून, हात धरून निभावता येतं. इथे मी बोलतोय साधारण १२ मीटर लांब आणि दहाएक टन वजनाच्या बोटीबद्दल. तिथे हातापायाचा काही उपयोग नाही, उलट ते मध्ये आले तर चेंगरतात.

आकडाच बघा. दहा टनांची बोट एक नॉटने, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकत असेल, तर तिला एका मीटरच्या आत थांबवायला सरासरी १३५ किलोचा जोर लागतो. वेग दोन नॉट झाला की तोच जोर ५४० किलो. वेग दुप्पट, जोर चौपट. म्हणून हळू यायचं, हे उघड आहे. पण फार हळूही येता येत नाही. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं. वेग एक नॉटच्या खाली गेला की बऱ्याच मोठ्या बोटी सुकाणूचं ऐकेनाशा होतात आणि वारा नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हवं तिकडे ढकलतो. वळण्यापुरता वेग हवा आणि थांबण्याइतका तो कमीही हवा, या कात्रीतून प्रत्येक पद्धत आपापल्या परीने वाट काढते.

त्या पद्धतींची तुलना करताना मी ‘सोपी कुठली’ असं विचारत नाही. परतीचे दोर कुठे कापले जातात, हे विचारतो. धक्क्यापासून किती अंतरावर आल्यानंतर ‘नको, पुन्हा फिरून येऊ’ म्हणता येणार नाही? ते अंतर जितकं कमी, तितकी पद्धत चांगली.

मोठ्या शिडावर, वाऱ्याकडे तोंड करून

वारा धक्क्याला समांतर वाहत असेल, किंवा धक्क्यावरून पाण्याकडे येत असेल, तर ही पहिली पसंती. वाऱ्याशी साधारण ५० ते ६० अंशांचा कोन ठेवून यायचं. या कोनात गंमत अशी की दामण, म्हणजे शीड आवळायचा दोर, सैल सोडली की शीड रिकामं होऊन फडफडतं, आवळली की पुन्हा भरतं. म्हणजे हातात चक्क ॲक्सिलरेटर असतो. शेवटी नाळ वाऱ्यात वळवली की उरलासुरला वेग मरतो.

सगळं कसब त्या शेवटच्या वळणात आहे. वळल्यावर बोट किती अंतर जाऊन थांबते, हे प्रत्येक बोटीचं वेगळं आणि प्रत्येक वाऱ्यात वेगळं. जड बोट, मंद वारा, सपाट पाणी असलं तर स्वतःच्या चार-पाच लांब्यांइतकं अंतरही सहज जाते. जोराच्या वाऱ्यात आणि लाटांत दोन लांब्यांतच थबकते. हे पुस्तकात वाचून कळत नाही. मोकळ्या पाण्यात एक फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून मध्ये लावायची उशी) टाका, त्यालाच धक्का समजा आणि दहा वेळा त्याच्यापाशी थांबून दाखवा. पहिल्या तीन वेळा बोट त्याच्या पुढे जाते, मग घाबरून तुम्ही फार अलीकडे थांबता, मग हळूहळू नजर बसते.

वेग जास्त वाटला तर बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी, हाताने वाऱ्याच्या दिशेला ढकलून शीड उलटं भरायचं, असा ब्रेक सगळे सांगतात. लहान बोटीवर तो झकास चालतो. १२ मीटरच्या बोटीवर दहा नॉटच्या वर वारा असेल तर बूम ढकलायला माणूस पाठवू नका. आधीच बांधून ठेवलेल्या कप्पीने ओढता आली तर ओढा, नाहीतर सोडून द्या.

परतीचा हिशेब इथे बरा आहे. वेग कमी पडला तर नाळ बाजूला पडते, शीड भरतं आणि बोट मोकळ्या पाण्याकडे निघते. फक्त त्या बाजूला खरंच मोकळं पाणी असायला हवं. दोन्हीकडे बोटींच्या रांगा असलेल्या अरुंद गल्लीत हीच चाल अंगाशी येते.

पुढच्या शिडावर किंवा उघड्या डोलकाठीवर, वारा पाठीशी

वारा मागून असेल तर मोठं शीड आधीच उतरवा. याला अपवाद नाही. बूम डोलकाठीच्या बाजूच्या तारांना टेकली की त्यापुढे जात नाही, त्यामुळे दामण कितीही सोडली तरी शीड रिकामं होत नाही. पुढचं शीड मात्र दामण सोडताच पुढच्या बाजूला फडफडत राहतं, आणि गुंडाळता येणारं असेल तर थोडं थोडं कमी करता येतं. १५-२० नॉटचा वारा असला तर शिडाचीही गरज नसते. नुसत्या काठीवर आणि बोटीच्या अंगावर वारा घेऊन ती दोन नॉटच्या आसपास सरकू शकते.

दिसायला ही पद्धत सोपी वाटते, म्हणून नवखे तिच्याकडे वळतात. माझ्या मते सगळ्यांत धोक्याची हीच, कारण इथे ब्रेकच नाही. मी स्वतः एकदा अशीच बोट आणत होतो. धक्का चार लांब्यांवर असताना शीड गुंडाळायचा दोर ड्रमवर गुंतला. अर्धं शीड भरलेलं, वेग अडीच नॉट, आणि परत फिरायला जागा नाही. मागच्या बाजूला तयार ठेवलेला लहान नांगर एकाने बाहेर टाकला, तो चिखलात धरला आणि बोट नाळेपासून धक्क्यापर्यंत हातभर अंतर राखून थांबली. नांगर तयार होता हे शहाणपण, तो पहिल्या फटक्यात धरला हे नशीब. तेव्हापासून वारा पाठीशी असताना मागचा नांगर आधी टाकूनच पुढे सरकतो. गरज पडल्यावर टाकू, असं म्हणत नाही.

मध्ये प्रवाह असेल तर

ही वेगळी पद्धत नव्हे, पण वरच्या दोन्हींचा निकाल फिरवते. दीड नॉटचा प्रवाह असेल आणि तुम्ही त्याच्या विरुद्ध तोंड करून दीड नॉटनेच पाणी कापत असाल, तर जमिनीच्या हिशेबाने बोट जागच्या जागी उभी असते आणि सुकाणूवरून मात्र दीड नॉटचं पाणी वाहत असतं. आता नाळ धक्क्याकडे पाच-दहा अंश वळवा, बोट तशीच आडवी सरकत धक्क्याकडे येते. सरळ करा, सरकणं थांबतं. वारा पाठीशी आणि प्रवाह समोरून, असा योग असेल तर पुढच्या शिडाचा तुकडाभर उघडा ठेवून ही चाल इतकी शांतपणे करता येते की इंजिनवाले बघत राहतात. परतायचं असेल तर शीड गुंडाळा, प्रवाहच मागे नेतो.

उलट, प्रवाह पाठीशी असेल तर कुठल्याच पद्धतीने येऊ नका. भरती-ओहोटीच्या जागी तो फिरायची वाट बघा. सहा तास फार वाटतात, पण नाळ दुरुस्त करायला त्याहून जास्त लागतात.

नांगर आणि दोर

वारा पाण्यावरून थेट धक्क्यावर येत असेल तर शिडांचा खेळ विसरा. धक्क्यापासून ४०-५० मीटर अलीकडे, वाऱ्याच्या बाजूला नांगर टाका, तो धरलाय याची खात्री करा, शिडं उतरवून बांधा, आणि मग साखळी-दोर हात-हात सोडत बोट मागे सरकू द्या. वारा ढकलतो, नांगर धरतो, वेग तुमच्या हातात. मागची बाजू धक्क्याला लावायची असेल तर याहून सुबक रीत नाही. बोट आडवी लावायची असेल तर नांगराच्या दोराला मागच्या विंचवरून (दोर ओढायच्या रहाटावरून) आणलेला दुसरा दोर बांधायचा. नाळ आणि पिछाडी दोन्ही त्या जोडीवर तोलून धरली की बोट सपाट उतरते, एक टोक आधी आपटत नाही.

वारा धक्क्यावरून बाहेर येत असेल तरीही नांगर चालतो. बाहेर नांगर टाकायचा, होडीने लांब तरंगता दोर किनाऱ्यावर न्यायचा आणि विंचवर ओढत, नांगराचा दोर सोडत यायचं. वेळखाऊ आहे, घाम काढतं, आणि बघणाऱ्यांना काही थरार मिळत नाही. नेमकं म्हणूनच मला आवडतं. नांगराचा दोर हातात असेपर्यंत परतीचा दोर शब्दशः शाबूत असतो, अगदी धक्क्यापासून एक मीटरवरसुद्धा.

तिसरी चाल आहे ती नांगर घासत नेण्याची. साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा जेमतेम जास्त सोडली की नांगर पुरता धरत नाही, तळाशी घसटत येतो. बोट प्रवाहाबरोबर जाते, पण प्रवाहापेक्षा हळू. त्यामुळे सुकाणूवरून पाणी वाहत राहतं आणि प्रवाहाबरोबर जातानाही वळता येतं. इंग्लंडमधल्या थेम्स नदीवरच्या शिडाच्या मालवाहू बार्ज, ८० फुटांहून लांब, दोन माणसांच्या हाती असायच्या, त्या अशाच युक्त्यांवर. त्यांचं मोठं शीड पडद्यासारखं काठीशी गोळा करता येई, म्हणून वेग क्षणात घटवता येई. आपल्या बोटींना ती सोय नाही.

या पद्धतीची अडचण तळाची. जुन्या साखळ्या, केबली, खडक असलेल्या जागी नांगर अडकून बसतो, आणि मरिनाच्या, म्हणजे खासगी बोटींच्या तळाच्या, आत बहुतेक ठिकाणी तो टाकायला बंदीच असते. नकाशावर तळ बघितल्याशिवाय हा बेत करू नका.

छोटी होडी, वल्हं, आणि दुसऱ्याची मदत

स्वतःच्या होडीला पाच अश्वशक्तीची मोटर असेल तर शांत हवेत ती दहा टन आरामात हलवते. प्रश्न ती कुठे बांधायची एवढाच. पुढे लांब दोराने ओढत नेलं तर बोट चालू होते, पण थांबवता येत नाही. होडी थांबली की मागून दहा टन तिच्यावर येतात. म्हणून बंदरात होडी बाजूला, पार मागे बांधा, मोटरचा पंखा बोटीच्या सुकाणूच्याही मागे येईल अशी. पुढे-मागे तिरके दोर आवळून ताणलेले हवेत, सैल चालत नाहीत. मग रिव्हर्स टाकून थांबताही येतं. वळणं मात्र एका बाजूला सोपी आणि दुसऱ्या बाजूला कष्टाची होतात, तेव्हा धक्का कुठल्या बाजूला येणार ते बघून होडीची बाजू ठरवा.

या कल्पनेत नवं काही नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या कालवं काढणाऱ्या स्किपजॅक बोटींना स्वतःचं इंजिन नसतं, पण पिछाडीला ढकलणारी मोटरहोडी टांगलेली असते. मेरिलँडच्या कायद्याने १९६० च्या दशकात आठवड्यातले दोन दिवस ती होडी लावून कालवं खरवडायची परवानगी दिली. बाकी दिवस शिडावरच काम असे.

वल्ह्याची बाजू घेणारेही आहेत. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने ‘सेराफिन’ आणि ‘टॅलिसिन’ या दोन बिनइंजिनाच्या बोटींतून जग पालथं घातलं, आणि वारा पडला की लांब वल्हं काढलं. पण मोठी ‘टॅलिसिन’सुद्धा ३० फुटांच्या आतली होती. दहा टनांना वल्हं फक्त निवांत हवेत उपयोगी. आठ-दहा नॉटचा वारा समोरून आला की तुम्ही जागच्या जागी घाम गाळता.

आणि मदत मागण्यात कमीपणा नाही. फक्त दोर घेण्याआधी मोबदला ठरवा, आणि हे नुसतं ओढून नेणं आहे की सॅल्व्हेज, म्हणजे संकटातली बोट वाचवणं, हे स्पष्ट बोलून घ्या. सॅल्व्हेजमध्ये मोबदला वाचवलेल्या बोटीची किंमत बघून ठरतो.

मग निवड कशी करायची?

आधी धक्क्यासमोरून एक फेरी मारा, वारा आणि प्रवाह दोन्ही बघा. मोकळ्या पाण्यात पाच नॉट वाटणारा वारा धक्क्यावरच्या इमारतींमधून झोतांनी येतो. वारा समोरून किंवा बाजूने आणि परतायला जागा असेल तर मोठं शीड. धक्क्यावर येणारा वारा असेल तर नांगर. वारा पडलेला असेल तर होडी. वारा आणि प्रवाह दोन्ही पाठीशी असतील, किंवा गल्ली अरुंद आणि वारा २० नॉट असेल, तर यातलं काहीच नको. बाहेर नांगर टाकून थांबा. अरुंद खाडीत शिडाची बोट म्हणून पहिला हक्क आपलाच, असंही धरून चालू नका. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला नववा नियम सांगतो की फक्त त्या खोल पट्ट्यातूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडवू नये.

पद्धत कुठलीही असो, फेंडर आणि दोर दोन्ही बाजूंना तयार हवेत, कारण शेवटच्या क्षणी धक्क्याची बाजू बदलू शकते. आणि किनाऱ्यावर पहिला द्यायचा दोर नाळेचा नव्हे, बोटीच्या मधल्या क्लीटवरचा, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीवरचा. तो मागच्या बाजूच्या खुंट्याला गेला की बोटीचा वेगही खातो आणि तिला धक्क्याशी आणतोही. धक्क्यावर मदतीला धावून आलेल्या माणसाच्या हाती नाळेचा दोर पडला की तो हटकून जोर लावून ओढतो. नाळ आत येते, पिछाडी बाहेर भिरकावली जाते. म्हणून दोर फेकण्याआधी त्याला ओरडून सांगा : ओढू नका, खुंट्याला एक वेढा घाला आणि हळूहळू सरकू देत धरा.