अतिप्रवाही हेलियम: ४ घ्यावा की ३?

अतिप्रवाहीपणा, म्हणजे द्रवाचं अंतर्गत घर्षणाशिवाय वाहणं, डोळ्यांनी पाहायचा तर हेलियम-४ (हेलियमचं नेहमीचं समस्थानिक), यात दुमत नाही. ४.२ केल्विनला उकळणाऱ्या द्रवावरची वाफ पंपाने ओढत राहायची. दाब ५० मिलिबारच्या आसपास आला की तापमान २.१७ केल्विनला पोचतं आणि इतका वेळ खदखदणारा द्रव एकदम निवांत होतो. उष्णता इतकी झपाट्याने पसरते की आत बुडबुडा धरतच नाही. तोवर तिसरा हिस्सा तरी द्रव उडून गेलेला असतो. खरी डोकेदुखी पुढे आहे: अतिप्रवाही द्रवाचा पातळ थर भिंतीवरून चढून पंपाच्या नळीत शिरतो, वर ऊब लागताच वाफ होतो आणि पंपाची दमछाक करतो. नळीत बारीक भोकाची चकती बसवली की हे बरंच आवरतं. खोलीच्या तापमानाला पक्का ठरलेला सांधाही इथे गळू शकतो.

हेलियम-३ या हलक्या समस्थानिकाचं गणितच निराळं. त्याचे अणू फर्मिऑन, म्हणजे एकाच अवस्थेत एकत्र येऊ न शकणारे कण, त्यामुळे आधी त्यांच्या जोड्या जमाव्या लागतात, आणि त्या दाबानुसार साधारण १ ते २.५ मिलिकेल्विनलाच जमतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९७२ साली हे दिसलं. नुसता पंप इथे कुठला पुरायला! आधी डायल्यूशन रेफ्रिजरेटर (हेलियम-३ आणि ४ च्या मिश्रणावर चालणारं शीतयंत्र), मग बहुधा तांब्याच्या अणुकेंद्रकांचं विचुंबकन, म्हणजे चुंबकीय क्षेत्र हळूहळू उतरवून थंड करणं. शिवाय हा वायू ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) क्षयातून मिळतो, म्हणून भलताच महाग. तो बंद चक्रातच फिरवतात.